लकव्यानंतर हाताची प्रॅक्टिस घरी कशी घ्यायची

स्ट्रोकमध्ये मेंदूत काय होतं ते आधी समजून घ्या, मग व्यायाम कशासाठी ते आपोआप पटतं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला अंदाजे १९ लाख पेशी मरतात आणि पेशी-पेशींमधल्या १४०० कोटी जोडण्या जातात, म्हणून तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की घड्याळात वेळ बघून ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. मालिशबिलिश करत बसू नका!

मेलेली पेशी परत येत नाही. पण आजूबाजूच्या जिवंत पेशी नव्या फांद्या फोडून नव्या जोडण्या करतात, पहिले तीन महिने तर जास्तच, फक्त त्यासाठी तो हात वापरात हवा, नाहीतर मेंदू त्याला विसरायला लागतो.

आमच्या बाबांचा उजवा हात गेला होता. फिजिओला विचारून रोज ताटात राजमा आणि शेजारी वाटी ठेवायचो, एकेक दाणा चिमटीत धरून वाटीत टाकायचा, सुरुवातीला दहा दाण्यांना वीस मिनिटं लागायची, कपाळावर घाम यायचा. बघवत नाही हो, पण मध्ये हात घालू नका. जमायला लागलं की अवघड करा, आधी मटार सोलणं, मग शर्टाचं बटण. दुखरा खांदा मात्र ओढायचा नाही, आणि दमले की झोपू द्या.