पेन पुढं, रेघ मागनं: यूएक्सप्लेला हार्डवेअर डिकोडिंग कसं लावायचं

माझा मावसभाऊ सांगलीला दहावीच्या पोरांची गणिताची शिकवणी घेतो. आयपॅडवर पेन्सिलने लिहितो, ते मोठ्या टीव्हीवर दिसावं म्हणून मी दिवाळीत गेलो तेव्हा त्याच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकून यूएक्सप्ले (आयपॅडची स्क्रीन वायफायवरून लॅपटॉपवर घेणारा प्रोग्राम) लावून दिलं, लॅपटॉपची एचडीएमआय टीव्हीला, झालं काम असं वाटलं. चार दिवसांनी फोन. "दादा, पेन पुढं जातंय आन् रेघ मागनं येतीया, आणि पंखा असा वाजतोय की पोरं हसत्यात."

चूक माझीच होती. लॅपटॉपमध्ये चौथ्या पिढीचा आय३, आणि मी व्हिडिओचा ड्रायव्हरच टाकला नव्हता, त्यामुळे सगळा व्हिडिओ बिचारा सीपीयू एकटा उलगडत बसला होता. या उलगडण्यालाच डिकोडिंग म्हणतात, आणि ते सीपीयूऐवजी ग्राफिक्स चिपने केलं की हार्डवेअर डिकोडिंग. नंतर ते सगळं फोनवरून नीट केलं, आणि तेच इथे लिहितोय. कमांड पण फोनवर सांगतात तशाच लिहितोय, टाइप करताना सगळं स्मॉल अक्षरांत, आणि "डॅश" म्हटलं की आडवी रेघ, एवढं धरून चाला.

आधी होतं काय ते बघू. यूएक्सप्ले हा ओपन सोर्स प्रोग्राम आयफोन-आयपॅडला सांगतो की मी अ‍ॅपल टीव्ही आहे, तो पण तिसऱ्या पिढीचा जुना. मग आयपॅड आपली स्क्रीन एच २६४ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) दाबून वायफायवरून पाठवतो, यूएक्सप्ले ती घेतो आणि पुढचं सगळं जीस्ट्रीमरच्या (व्हिडिओ-आवाज हाताळणारं वेगळं सॉफ्टवेअर) गळ्यात टाकतो. म्हणजे व्हिडिओ उलगडणारा यूएक्सप्ले नाहीच, जीस्ट्रीमर आहे. आणि जीस्ट्रीमरला ग्राफिक्स चिपपर्यंत जायला ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर, त्यावर जीस्ट्रीमरचा प्लगिन, त्यावर यूएक्सप्ले, अशी तीन मजली बिल्डिंग आहे आणि लोक (मी पण) थेट तिसऱ्या मजल्यावर जाऊन यूएक्सप्लेचे ऑप्शन उलटेपालटे करत बसतात जेव्हा पाणी तळमजल्यालाच आलेलं नसतं. म्हणून खालून वर चढायचं, आणि एक मजला पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पण त्याच्याही आधी एक काम करा, दोष डिकोडिंगचाच आहे का ते बघा. एका टर्मिनलमध्ये टॉप (कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी कमांड) चालू ठेवा, दुसऱ्यात यूएक्सप्ले, आणि आयपॅडवर काहीतरी हलतं दाखवा. यूएक्सप्लेच्या नावापुढे सीपीयू शंभरच्या आसपास किंवा वर गेला (एक कोर म्हणजे शंभर, त्यामुळे दीडशे दिसलं तर दचकू नका) तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सीपीयू निवांत आहे आणि तरी चित्र अडखळतंय, तर ते वायफाय आहे, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर कितीही बदला काही फरक पडणार नाही. लॅपटॉपला राउटरपासून केबल लावा, आयपॅड ५ गिगाहर्ट्झवर टाका. अर्ध्या लोकांचं काम इथेच होतं.

आता तळमजला. इंटेलसाठी दोन ड्रायव्हर आहेत आणि इथेच गोंधळ होतो. पाचव्या पिढीपासून पुढच्या चिपला इंटेल-मीडिया-व्हीए-ड्रायव्हर नावाचं पॅकेज, ज्याला आयएचडी म्हणतात, आणि त्याआधीच्यांना आय९६५-व्हीए-ड्रायव्हर. आमचा आय३ चौथ्या पिढीचा, म्हणजे दुसरा. एएमडी असेल तर मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स. फेडोरावाल्यांनी (हे डेबियनसारखंच दुसरं लिनक्स) लक्ष द्या, फेडोरा ३७ पासून त्यांच्या मेसामधून एच २६४ काढून टाकलंय पेटंटच्या भानगडीमुळे, तेव्हा आरपीएम फ्यूजन (फेडोराबाहेरचं पॅकेजांचं भांडार) चालू करून तिथला फ्रीवर्ल्ड नावाचा मेसा ड्रायव्हर घ्यावा लागतो, नाहीतर दिवसभर डोकं आपटलं तरी काही होणार नाही.

ड्रायव्हर टाकला की व्हीएइन्फो नावाचं छोटं टूल टाका आणि चालवा. एक यादी येते, त्यात एच२६४ लिहिलेल्या ओळी शोधा आणि त्याच ओळीच्या शेवटी व्हीएलडी आहे का बघा. व्हीएलडी म्हणजे डिकोड. एन्कस्लाइस दिसलं तर ते एन्कोड, आपल्याला त्याचा उपयोग नाही. यादीच आली नाही आणि एरर आली तर दोन गोष्टी तपासा. एक, भलताच ड्रायव्हर उचलला जातोय का, तसं असेल तर लिबव्हीए अंडरस्कोर ड्रायव्हर अंडरस्कोर नेम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (हे तेवढं कॅपिटलमध्ये) आय९६५ किंवा आयएचडी (यातलं एचडी पण कॅपिटल) असं सेट करून परत चालवा. दोन, परवानगी. डेव्ह फोल्डरात डीआरआय, त्यात रेंडरडी१२८ (शेवटचा डी कॅपिटल) नावाची फाइल असते, ती उघडायचा हक्क तुमच्या युजरला हवा. डेस्कटॉपवर लॉगिन केलेलं असेल तर सहसा आपोआप मिळतो पण मी फोनवरून त्याला एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) उघडायला लावून तिथून चालवत होतो म्हणून मला नाही म्हणत होता, आणि हे कळायला माझा अर्धा तास गेला. युजरला व्हिडिओ आणि रेंडर या दोन ग्रुपमध्ये टाकायचं, लॉगआउट करून परत लॉगिन करायचं. लॉगआउट विसरू नका, नुसतं टर्मिनल बंद करून उघडल्याने होत नाही.

एनव्हिडियावाल्यांचा तळमजला वेगळा. तिथे कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो, व्हीएइन्फोची गरज नाही, एनव्हिडिया-एसएमआय चाललं की थेट पुढे जा.

दुसरा मजला, जीस्ट्रीमर. प्लगिन-बेस, गुड, बॅड आणि लिबएव्ही ही चारही पॅकेजं टाका, सोबत जीस्ट्रीमर-टूल्स आणि जीएल. बॅड नाव बघून घाबरू नका, नवा व्हीए प्लगिन आणि एनव्हिडियाचा एनव्हीकोडेक हे दोन्ही त्या बॅडमध्येच आहेत. आणि हार्डवेअर डिकोडर असताना लिबएव्ही कशाला असं म्हणून ते गाळू नका, व्हिडिओसाठी नाही पण आवाजासाठी लागतं, एएसीचा (आवाज दाबायची पद्धत) आवाज यूएक्सप्ले त्यातूनच उलगडतो.

जुन्या इंटेलसाठी अजून एक पॅकेज, जीस्ट्रीमर-व्हीएएपीआय. हा जुना प्लगिन आता मोडीत निघालाय आणि नवीन काम सगळं व्हीए प्लगिनवर चालतं, पण आमच्या म्हाताऱ्या आय३ वर मी जुनाच लावला, म्हाताऱ्याला म्हाताऱ्याची संगत. नवी मशीन असेल तर त्याच्या नादी लागू नका.

मग जीएसटी-इन्स्पेक्ट-१.० चालवून त्यातून ग्रेपने एच२६४ शोधा. नव्या प्लगिनचा डिकोडर व्हीएएच२६४डेक, जुन्याचा व्हीएएपीआयएच२६४डेक, एनव्हिडियाचा एनव्हीएच२६४डेक, आणि सॉफ्टवेअरवाला एव्हीडेक अंडरस्कोर एच२६४. आपल्याला हवा तो यादीत दिसला पाहिजे. व्हीएइन्फो नीट चालतंय आणि तरी इथे दिसत नाही असं झालं तर बहुतेक जुना कॅश. जीस्ट्रीमर प्लगिनची यादी एकदा काढून साठवून ठेवतो, ड्रायव्हर नसताना काढलेली यादी ड्रायव्हर आल्यावरही तशीच राहू शकते. होम फोल्डरात डॉट कॅश, त्यात जीस्ट्रीमर-१.० नावाचं फोल्डर, ते बिनधास्त उडवा, परत तयार होतं. आमच्याकडे हेच झालं होतं.

इथे लगेच यूएक्सप्लेकडे पळू नका, आधी एका साध्या फाइलवर डिकोडर चालवून बघा. जीएसटी-लाँच-१.० ला पाइपलाइन द्यायची: फाइलएसआरसी आणि त्याला लोकेशन, मग क्यूटीडीमक्स, मग एच२६४पार्स, मग तुमचा डिकोडर, मग जीएलइमेजसिंक, प्रत्येक दोघांच्या मध्ये उद्गारचिन्ह आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्पेस. फाइल एच २६४ ची एमपी४ हवी. आयफोनवर काढलेला व्हिडिओ घेऊ नका, तो बहुतेक एचइव्हीसी (दाबायची दुसरी पद्धत) असतो आणि मग पाइपलाइन जोडली जात नाही आणि तुम्हाला वाटतं ड्रायव्हरच खराब. व्हिडिओ दिसला, सीपीयू शांत, की दुसरा मजला पक्का.

आता जे सांगतो ते मला स्वतःला उशिरा कळलं. नुसता डिकोडर हार्डवेअरचा असून भागत नाही, चित्र पडद्यावर टाकणारा सिंक पण त्याच्या जोडीचा लागतो. हिशोब बघा, १९२० बाय १०८० चं एक चित्र उलगडल्यावर एनव्ही१२ फॉरमॅटमध्ये साधारण ३.१ एमबी होतं, सेकंदाला ६० चित्रं म्हणजे १८७ एमबीच्या आसपास. डिकोडरने हे ग्राफिक्सच्या मेमरीत उलगडलं आणि सिंक असा निघाला ज्याला ते साध्या मेमरीतच लागतं, तर दर सेकंदाला एवढा माल आधी इकडे आणायचा, रंगाचा फॉरमॅट बदलायचा आणि परत तिकडे न्यायचा. घराजवळच्या दळणाच्या गिरणीतून पीठ घ्यायचं आणि ते गावभर फिरवून घरी आणायचं, तसला प्रकार. सीपीयू थोडा उतरतो पण पंखा वाजतच राहतो, आणि माणूस म्हणतो हार्डवेअर डिकोडिंगचा काही उपयोग नाही.

म्हणून तिसऱ्या मजल्यावर दोन ऑप्शन जोडीने द्यायचे, डॅश व्हीडी म्हणजे डिकोडर आणि डॅश व्हीएस म्हणजे व्हिडिओ सिंक. नव्या इंटेल आणि एएमडीला व्हीएएच२६४डेक आणि जीएलइमेजसिंक, डेस्कटॉप वेलँडवर (लिनक्सची पडदा सांभाळणारी नवी व्यवस्था) असेल तर वेलँडसिंक पण करून बघा. एनव्हिडियाला एनव्हीएच२६४डेक आणि जीएलइमेजसिंक. जुन्या इंटेलला व्हीएएपीआयएच२६४डेक, सोबत जीएलइमेजसिंक किंवा व्हीएएपीआयसिंक, दोन्ही लावून बघायचे आणि जो कमी सीपीयू खाईल तो ठेवायचा. आमच्याकडे व्हीएएपीआयसिंक बरा निघाला. काही दिलं नाही तर जीस्ट्रीमर स्वतः निवडतो, बऱ्याचदा बरोबर निवडतो पण आपण सांगितलेलं बरं, कारण मग चुकलं तर एरर तरी येते, नाहीतर गुपचूप सॉफ्टवेअरवर जातो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

यूएक्सप्ले बसवायचं तर डेबियन १२ पासून एपीटीमध्येच (डेबियनचं पॅकेज बसवायचं टूल) आहे, फार नवं काही नको असेल तर तेच घ्या. अवाही-डीमन (लॅपटॉपचं नाव नेटवर्कवर जाहीर करणारा प्रोग्राम) चालू हवा, नाहीतर आयपॅडला नावच दिसत नाही. फायरवॉल असेल तर डॅश पी देऊन चालवा, मग पोर्ट ठरलेले राहतात: टीसीपी ७०००, ७००१, ७१०० आणि यूडीपी ६०००, ६००१, ७०११, शिवाय नाव शोधायला यूडीपी ५३५३. आणि गेस्ट वायफायवर हे चालत नाही बरं का, तिथे एक डिव्हाइस दुसऱ्याला सहसा दिसतच नाही.

चाललं की खात्री करा. इंटेलला इंटेल-जीपीयू-टूल्स पॅकेजमधलं इंटेल अंडरस्कोर जीपीयू अंडरस्कोर टॉप सुडोने चालवा, त्यात व्हिडिओ नावाची ओळ हलायला पाहिजे. नुसती रेंडरची हलतेय आणि व्हिडिओ शून्यावर, म्हणजे डिकोड अजून सीपीयूवरच. एनव्हिडियाला एनव्हिडिया-एसएमआय डीमॉन (स्पेलिंग डी-एम-ओ-एन), त्यात डेक नावाचा कॉलम. तुलना करायची असेल तर यूएक्सप्ले एकदा डॅश एव्हीडेक देऊन चालवा, तो मुद्दाम सॉफ्टवेअर डिकोडिंग लावतो, दोन्हींचे सीपीयूचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. हाच ऑप्शन दुसऱ्या कामाला पण येतो. हार्डवेअरवर काळी खिडकी आली आणि डॅश एव्हीडेकवर चित्र दिसलं तर नेटवर्क आणि आयपॅड ठीक आहेत, भानगड खालच्या दोन मजल्यांत आहे. पण ओटीटीच्या अ‍ॅपमधला व्हिडिओ काळा दिसत असेल तर तो डीआरएम (कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप), तिथे तुमचा डिकोडर काही करू शकत नाही.

रास्पबेरी पायवाल्यांसाठी थोडक्यात. पाय ४ आणि त्याआधीच्यात एच २६४ चा डिकोडर आहे, नाव व्ही४एल२एच२६४डेक, आणि यूएक्सप्लेला नुसतं डॅश व्ही४एल२ दिलं की डिकोडर आणि कन्व्हर्टर दोन्ही लागतात. डेस्कटॉपशिवायचा लाइट असेल तर सिंक केएमएससिंक. रंग विचित्र दिसले तर डॅश बीटी७०९ जोडून बघा. पाय ५ मध्ये मात्र एच २६४ चा हार्डवेअर डिकोडरच नाही, फक्त एचइव्हीसीचा आहे, तेव्हा तिथे शोधत बसू नका, त्याचा सीपीयू १०८० आरामात ओढतो.

शेवटी मावसभावाच्या कामाच्या दोन गोष्टी. शिकवणीत आवाज नको असतो, तो समोरच उभा असतो, म्हणून डॅश एएस शून्य देऊन आवाज बंद केला, आणि डॅश व्हीसिंक नो दिलं, त्याने चित्र वेळेचा मेळ घालत थांबत नाही, आलं की दाखवतो. पेन आणि रेघेतलं अंतर याने जे कमी झालं ते डिकोडरपेक्षा जास्त जाणवलं, हे कबूल करतो. सिनेमा बघताना मात्र नो काढा, ओठ आणि आवाज वेगळे पडतात. आणि त्याला रोज एवढं टाइप करायला लावलं तर तो मला परत फोन करणार हे ठरलेलं, म्हणून सगळे ऑप्शन टाकून एक छोटी स्क्रिप्ट केली आणि तिचा आयकॉन डेस्कटॉपवर ठेवला. यूएक्सप्लेच्या नव्या आवृत्तीत होम फोल्डरात डॉट यूएक्सप्लेआरसी नावाची फाइल करून त्यात एका ओळीत एक ऑप्शन, पुढची डॅश गाळून, असं लिहिलं तरी चालतं.

परवा त्याला विचारलं पंखा कसा आहे, तर म्हणाला, "वाजत न्हाई, पण आता टीव्हीवर अक्षर मोठं दिसतंय, पोरं माझ्या अक्षरालाच हसत्यात."