समुद्रतळात केबल पुरताय? या चुका टाळा

नॉर्थ सीमध्ये विंडफार्मच्या केबल पुरायची कामं मी बरीच वर्षं बघतोय आणि दर सीझनला तेच तेच घोळ होतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो. जगभरात वर्षाला साधारण १५० ते २०० वेळा समुद्राखालच्या केबल तुटतात किंवा बिघडतात, आणि त्यातल्या बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांमुळे नाहीतर जहाजाच्या नांगरामुळे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये फिनलंड आणि एस्टोनियामधली बाल्टिककनेक्टर गॅस पाइपलाइन अशीच एका ओढल्या गेलेल्या नांगराने फुटली. त्यामुळे "थोडी कमी खोल गेली तर काय होतंय" हे वाक्य माझ्यासमोर कोणी बोलू नये.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हॉर्सपॉवर बघून मशीन ठरवणं. यूटी-१ सारखा ट्रेंचर (समुद्रतळात चर खणणारं मशीन), सुमारे ६० टनांचा, २ मेगावॅटच्या आसपास ताकदीचा, बघितला की लोकांना वाटतं हा काहीही खणेल. पण हा जेट ट्रेंचर, त्याचं तत्त्व वेगळं आहे. पाण्याच्या फवाऱ्याने वाळूचे कण सुटे होतात, वाळू काही वेळ पातळ होते आणि केबल स्वतःच्या वजनाने खाली बसते. चिकणमातीत कण असे सुटत नाहीत, तिथे पाण्याने माती अक्षरशः कापावी लागते, आणि मातीची ताकद १०० किलोपास्कलच्या वर गेली की नुसतं डिझेल जळतं. तिथे दातेरी साखळीने माती कापणारा चेन कटर लागतो.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ एका कामावर हेच झालं. सीपीटी (तळात शंकू दाबून मातीची ताकद मोजायच्या टेस्ट) घेतल्या होत्या पण दोन टेस्टमध्ये जवळजवळ किलोमीटरचं अंतर, दोन्हीकडे छान वाळू, म्हणून कंत्राटदाराने मध्येही वाळूच धरली. मध्ये निघाली हिमयुगातली बोल्डर क्ले, म्हणजे दगडगोटे मिसळलेली घट्ट चिकणमाती. दीड मीटर जायचं होतं तिथे अर्धा मीटरसुद्धा जाईना. सुपरवायझर म्हणाला प्रेशर वाढवा, परत पास मारा (त्याच पट्ट्यावरून मशीन पुन्हा न्या), मग रात्रभर पासवर पास. झालं काय, तर माती धुऊन गेली आणि तिच्यातले दगड खाली केबलच्या वाटेतच साठत गेले, म्हणजे आधी जी थोडीफार जागा होती तीही बंद. शेवटी हवामान बिघडलं आणि तेवढ्या पट्ट्यावर वरून दगड टाकून घ्यावे लागले. वाईट याचं वाटतं की ध्वनीने तळाखालचे थर दाखवणाऱ्या सब-बॉटम प्रोफायलरच्या रेकॉर्डमध्ये तो थर वर चढताना स्वच्छ दिसत होता, फक्त कोणी ते रेकॉर्ड सीपीटीच्या शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. मी अजूनही पूर्ण रूटचा लांब कागद प्रिंट करून टेबलावर पसरतो आणि रंगीत पेन्सिलीने माती भरतो. नवीन पोरांना तो टाइमपास वाटतो, वाटू दे, कुठे अडकणार ते मला डेकवर जायच्या आधी माहीत असतं.

दुसरी चूक, जिचा मला खरंच राग येतो: स्वोर्ड (मशीनचा तळात घुसून पाणी मारणारा दांडा) किती खोल गेला तोच आकडा केबलची खोली म्हणून लिहिणं. स्वोर्ड २ मीटरवर असेल, पण केबल ताठ असते, तिला वाकून तळाला पोचायला अंतर लागतं, आणि तोवर मागची वाळू घट्ट बसलेली असते. टाकताना टेन्शन जास्त ठेवलेलं असेल तर ती दोरीसारखी ताणलेलीच राहते. हलकी केबल तर पातळ वाळूत वरच तरंगते. स्पीडचंही तसंच, फार पळवलं तर वाळूला मीटरमागे पाणी कमी मिळतं आणि फार रेंगाळलं तर केबल खाली पोचायच्या आत वाळू बसते. माझी सवय अशी की पहिले दोनेकशे मीटर झाले की थांबायचं, ट्रॅकरने केबल खरोखर कुठे आहे ते बघायचं आणि मगच स्पीड ठरवायचा. क्लायंट घड्याळ दाखवतो, दाखवू दे. एकदा वाळू बसली की दुसऱ्या पासला तीच केबल मशीनखाली असते आणि तिला इजा व्हायची भीती, त्यामुळे पहिलाच पास नीट झाला पाहिजे.

बाकीच्या पटापट सांगतो.

खोली मोजताना ट्रेंचच्या कडेला साठलेला ढिगारा धरू नका, मूळ तळापासून मोजा.

सँडवेव्ह, म्हणजे तळावरच्या वाळूच्या टेकड्या, सरकतात, आज टेकडीच्या माथ्यावरून मोजलेले २ मीटर काही वर्षांत शून्य होऊ शकतात, टेकडीखालचा न हलणारा तळ धरा.

घट्ट वाळूत प्लाऊ (शेतातल्या नांगरासारखं, जहाजाने ओढायचं अवजार) अडला की जहाज जोरात ओढू नका. अशी वाळू कापली जाताना फुगते, तिच्या पोकळीत पाणी शिरायला वेळ लागतो, तोपर्यंत ती आणखी कडक होते. स्पीड कमी करा, ओढ आपोआप उतरते.

मुंबई बंदरासारखा मऊ चिखल असेल तर ट्रॅक (रणगाड्यासारखे पट्टे) लावून मशीन उतरवू नका, बुडेल. स्किड (रुंद घसरपट्ट्या) लावा.

कॅमेऱ्यात गढूळ दिसतंय म्हणून अंदाजाने पुढे जाऊ नका, सोनार बघा, नाहीतर भरतीओहोटीच्या प्रवाहाने गाळ वाहून जाईपर्यंत थांबा.

आणि ग्रॅपनेल रन, म्हणजे आधी रूटवरून आकडे ओढून कचरा काढायची फेरी, कधीही वगळू नका. तळावर जुने वायररोप आणि फाटकी जाळी पडलेली असतात, ती एकदा कटरमध्ये गुंडाळली की अख्खं मशीन वर घेऊन डेकवर ग्राइंडरने कापत बसावं लागतं, आणि तेवढ्या वेळात चांगलं हवामान निघून जातं.