महायुद्धाची कलाटणी सांगताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धावर व्याख्यान असो, स्पर्धा परीक्षेचं उत्तर असो की दिवाळी अंकातला लेख, "आणि इथेच युद्धाचं पारडं फिरलं" हे वाक्य हमखास येतं. कुणाचं पारडं स्टालिनग्राडला फिरतं, कुणाचं मिडवेला, कुणाचं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, आणि प्रत्येक जण तितक्याच ठामपणे सांगतो. हे वाक्य लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: या घटनेनंतर कुणाला काय करणं अशक्य झालं? उत्तर सापडलं नाही, तर ती नुसती मोठी लढाई समजा.

थंडीला सेनापती करू नका

"रशियाच्या हिवाळ्याने हिटलरला हरवलं" हे वाक्य सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात आळशी. थंडी दोन्ही बाजूंना सारखीच होती. २२ जून १९४१ ला सुमारे तीस लाख जर्मन सैनिक सोव्हिएत सीमेत शिरले आणि खरा हिवाळा सुरू होण्याआधीच, नोव्हेंबर अखेरीपर्यंत, त्यांतले सात लाखांहून अधिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता होते. ही झीज बर्फाची नव्हती. ती स्मोलेन्स्क, कीव्ह आणि व्याझ्माच्या लढायांची होती, आणि यातल्या कीव्ह-व्याझ्माच्या लढाया तर जर्मनीने जिंकल्या होत्या!

आता रसदीकडे बघा. सोव्हिएत रूळ जर्मन रूळांपेक्षा सुमारे नऊ सेंटिमीटर जास्त रुंद. म्हणजे मैलोन्‌मैल रूळ उखडून नव्याने ठोकायचे, तेव्हा कुठे जर्मन गाडी पुढे जाणार. जर्मन इंजिनांचे पाण्याचे पाइप बाहेरच्या बाजूला. ते गोठून फुटू लागले. ज्या थोड्या गाड्या धावत होत्या, त्यांत आधी इंधन आणि दारूगोळा भरला जाई. गरम कपडे होते, पण ते मागे पोलंडमध्ये पडून राहिले. सैनिक कुडकुडले ते युद्ध हिवाळ्याआधी संपणार या हिशेबामुळे. थंडीने फक्त तो हिशेब उघडा पाडला.

५ डिसेंबरला सोव्हिएत सेनापती झुकॉव्हने मॉस्कोसमोर प्रतिहल्ला केला. इथे "सैबेरियाहून ताजं सैन्य आलं म्हणून मॉस्को वाचलं" हे पुढचं घाईचं वाक्य येतं. टोकियोतून सोव्हिएत हेर सोर्गे याने जपान उत्तरेकडे, म्हणजे सोव्हिएत प्रदेशाकडे, वळणार नाही असं कळवलं होतं आणि पूर्वेकडून तुकड्या आल्याही, पण झुकॉव्हच्या राखीव सैन्याचा मोठा भाग नव्याने उभा केलेला होता. शिवाय जपान उत्तरेकडे का वळला नाही हेही सांगा. १९३९ मध्ये मंगोलियाच्या सीमेवर खल्खिन गोल इथे जपानने सपाटून मार खाल्ला होता. तिथेही समोर झुकॉव्हच होता.

पर्ल हार्बरवर थांबू नका

माझं मत विचाराल तर संपूर्ण युद्धातला सर्वांत वजनदार आठवडा ५ ते ११ डिसेंबर १९४१ हा आहे, आणि त्यातला सगळ्यात दुर्लक्षित दिवस शेवटचा. ७ तारखेला जपानने हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला. ८ तारखेला अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टने तिथल्या काँग्रेसकडे, म्हणजे संसदेकडे, युद्ध मागितलं ते फक्त जपानविरुद्ध. जपानशी असलेल्या करारानुसार जर्मनीवर युद्धात उतरण्याचं बंधन नव्हतं, कारण हल्ला जपानने केला होता, जपानवर झाला नव्हता. तरीही ११ तारखेला हिटलरने आपण होऊन अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. अमेरिकेने आधी युरोपकडे बघायचं की नाही, हा रूझवेल्टपुढचा अवघड राजकीय पेच बर्लिनमधूनच सुटला. आशियातलं आणि युरोपातलं युद्ध एक झालं ते त्या दिवशी, आणि त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही.

याच जागी तारखांचा घोळ होतो. हल्ल्याची तारीख हवाईत ७ डिसेंबर, जपानमध्ये ८ डिसेंबर. दोन्ही बरोबर, फक्त कुठली ते लिहा. आणि "जपानचा पहिला वार पर्ल हार्बरवर" असंही लिहू नका. त्याच्या तासाभराहून अधिक आधी मलायात कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरत होतं, आणि समोर डोग्रा रेजिमेंटचे भारतीय जवान होते. जर्मन शरणागतीतही तोच गोंधळ: ७ मे १९४५ रॅंसला सही, ८ मे विजयदिन, मॉस्कोत ९ मे.

मिडवे पाच मिनिटांत संपवू नका

पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळची ४ जून १९४२ ची गोष्ट शेवटच्या चेंडूवरच्या षटकारासारखी सांगितली जाते: जपानी विमानं डेकवर उड्डाणाला सज्ज, आणि पाच मिनिटं आधी अमेरिकी बॉम्बफेकी विमानं आकाशातून कोसळतात. ही आवृत्ती जपानी वैमानिक फुचिदाच्या कथनातून पसरली. प्रत्यक्षात हल्ल्याची बहुतेक विमानं खालच्या हँगरमध्ये होती, तिथेच बॉम्ब आणि टॉर्पेडोंची अदलाबदल चालू होती, आणि म्हणूनच आगी आवरेनात. त्या लढाईत जपानने तिथे आणलेली चारही विमानवाहू जहाजं गमावली. पण तिथे नसलेली शोकाकू आणि झुइकाकू ही मोठी विमानवाहू जहाजं जपानकडे उरली होती. जपानचं हवाई बळ खरं झिजलं ते पुढे ग्वाडलकनाल बेटावरच्या लढाईच्या सहा महिन्यांत. मिडवेने जपानचा पुढाकार हिरावला. बाकीचं श्रेय ग्वाडलकनालला द्या.

स्टालिनग्राडनंतर जर्मन फक्त मागे हटले?

नाही. २ फेब्रुवारी १९४३ ला स्टालिनग्राड संपलं आणि मार्चमध्ये जर्मन सेनापती मॅनस्टाइनने खारकीव्ह परत घेतलं. मोठी चढाई करण्याची ताकद जर्मनीकडे अजून होती. ती जुलैत कुर्स्कला संपली. ५ जुलैला हल्ला सुरू, १० जुलैला दोस्त सैन्य सिसिलीत, १३ जुलैला हिटलरने मोहीम थांबवली. या तीन तारखा एकत्र मांडल्या की दोन आघाड्या एकमेकींना कशा खेचत होत्या ते वाचणाऱ्याला आपोआप दिसतं. जून १९४४ मधल्या नॉर्मंडीबद्दल लिहिताना त्याच महिन्यात बेलारूसमध्ये सुरू झालेली सोव्हिएत बाग्रातिऑन मोहीमही आठवा.

आणि आकड्यांत मृत, जखमी, कैदी एकत्र करून सगळ्यांना "ठार" म्हणू नका. स्टालिनग्राडला शेवटी सुमारे ९१ हजार जण कैद झाले. त्यांतले जेमतेम पाच-सहा हजार घरी परतले, पण तो वेगळा हिशेब आहे.

इंफाळ-कोहिमा तळटीपेत टाकू नका

मराठी लेखांत ही लढाई एकतर फक्त आझाद हिंद सेनेची असते, नाहीतर फक्त इंग्रजांची. १९४४ मध्ये तिथे दोन्ही बाजूंना भारतीय होते. जपानी सेनापती मुतागुची याने सैनिकांबरोबर जेमतेम तीन आठवड्यांची शिधासामग्री दिली. पुढे शत्रूची कोठारं जिंकून पोट भरायचं असा बेत. पुरेल इतकी कोठारं हाती लागलीच नाहीत. कोहिमाला उपायुक्तांच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या एका कडेला एक फौज, दुसऱ्या कडेला दुसरी, अशी लढाई चालली. वेढलेल्या इंफाळला विमानांनी रसद पुरवली; जपान्यांकडे तशी सोय नव्हती. जुलैत माघार सुरू झाली ती भुकेल्या, आजारी सैन्याची, आणि भारताच्या दिशेने पुन्हा चाल करणं जपानला जमलं नाही.

इथून राजकारणाकडे वळताना जपून. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यावर आझाद हिंद सेनेचे खटले सुरू झाले, १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' तळावर नौसैनिकांचा संप सुरू झाला, आणि १९ फेब्रुवारीला ब्रिटनच्या ॲटली सरकारने सत्तांतराची बोलणी करायला भारतात येणाऱ्या कॅबिनेट मिशनची घोषणा केली. काल संप म्हणून आज घोषणा, असा सरळ धागा अनेक लेखांत ओढलेला दिसतो. मिशन पाठवण्याची तयारी लंडनमध्ये त्याआधीच चालू होती. संपाचा परिणाम दाखवायचा असेल, तर भारतीय सैनिकांच्या भरवशावर राज्य किती काळ चालेल या इंग्रजांच्या शंकेत तो शोधा, आणि ती शंका खटल्यांच्या वेळेपासूनची आहे हेही लिहा.