केबल काढली, तरी सह्याद्री दिसेल

केबल बंद करायची म्हटलं की घरातून पहिला प्रश्न: बातम्यांचं काय? दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा, डीडी फ्री डिश लावा, महिन्याचं भाडं शून्य.

१. ६० सेंमीची डिश, एलएनबी (डिशसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), वायर आणि एमपीईजी-४ (नव्या पद्धतीचा) सेट-टॉप बॉक्स घ्या. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही चॅनल दिसतच नाहीत.
२. महाराष्ट्रात डिशचं तोंड आग्नेयेला, जीसॅट-१५ उपग्रहाकडे (९३.५ अंश पूर्व). समोर झाड नको. पावसाळ्यात फांद्या वाढल्या की चित्र अडकतं.
३. एकाने टीव्हीवरची सिग्नलची पट्टी बघावी, दुसऱ्याने डिश बोटभर-बोटभर सरकवावी. मग नट घट्ट आवळून ऑटो स्कॅन; बॉक्स चॅनल आपोआप शोधतो.

वाचलेल्या पैशांतून त्याच महिन्यात वाचनालयाची वर्गणी भरा, नाहीतर मालिकांची वेळ मोबाइल खातो.

केबलचा बॉक्स परत देताना पावती घ्याच; अनामत रक्कम तिच्याशिवाय सुटत नाही.