फ्लॉवरला बोरॉन: कधी, किती आणि कसे

फ्लॉवरचा दांडा आतून पोकळ निघाला की लगेच बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी फोडू नका. गड्डा उभा चिरून बघा. पोकळी पांढरी आणि कोरडी असेल, तर बहुधा नत्र जास्त झालेले असते किंवा रोपे फार लांब लावलेली असतात. पोकळीच्या कडा तपकिरी व पाणचट, गड्ड्यावर तसेच डाग आणि चव कडू असेल, तर बोरॉन कमी पडले आहे. फ्लॉवरमध्ये बोरॉन जुन्या पानांतून कोवळ्या भागाकडे फारसे सरकत नाही. म्हणून खालची पाने हिरवीगार असतानाही गड्डा बिघडतो, आणि एकदा पडलेला डाग कुठल्याही फवारणीने जात नाही. जे करायचे ते आधीच करावे लागते.

माती तपासताना उपलब्ध, म्हणजे पिकाला घेता येणारे बोरॉन आवर्जून तपासून घ्या. साध्या अहवालात ते नसू शकते. अहवालात हे गरम पाण्यात विद्राव्य बोरॉन ०.५ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत अर्धा भाग) कमी आले, तरच जमिनीतून द्या. कोकणातल्या लाल मातीतून ते पावसाने धुऊन जाते, तर चुनखडीच्या काळ्या जमिनीत असूनही पिकाला कमी मिळते.

कमतरता असेल तर एकरी ४ किलो बोरॅक्स (बोरॉन १०.५ टक्के) पुरे. इतकी थोडी पावडर एकरभर सारखी पडणे हेच खरे काम आहे. ती ४० किलो चाळलेल्या शेणखतात नीट मिसळा, निम्मे उभे आणि निम्मे आडवे फेकून कुळवाच्या शेवटच्या पाळीने मातीत मिसळा. रोपाच्या बुडाशी चिमूट चिमूट टाकू नका, मुळे भाजतात.

फवारणीसाठी २० टक्के बोरॉनची पावडर लिटरला १ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरला २०० ग्रॅम घ्या. पहिली फवारणी लागवडीनंतर तीन आठवड्यांनी, दुसरी गड्डा धरायच्या सुमारास. कॅल्शियम नायट्रेट वेगळे फवारा. दाट द्रावणात दोन्ही एकत्र आले तर साका बसतो. शेत वाफशावर (ओलसर, पण चिखल नाही) ठेवा, कारण कोरड्या मातीत बोरॉन मुळांपर्यंत पोहोचत नाही.

मात्रा जास्त झाली तर जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. फ्लॉवर थोडे जास्तीचे सोसतो. त्याच रानात मागून येणारा घेवडा सोसत नाही. त्यामुळे पुढच्या हंगामात माती पुन्हा तपासल्याशिवाय बोरॅक्स टाकू नका.