विंडोजसाठी घडवलेल्या लॅपटॉपवर लिनक्स अडते तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नसल्यामुळे, धडधाकट असलेले कित्येक लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. तेव्हापासून ठाण्यात नौपाड्यातील माझ्या घरी असे लॅपटॉप बगलेत मारून येणारे वाढले आहेत. कोणी स्वतः लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, टाकून पाहिलेले असते, कोणी अर्ध्यावर सोडलेले असते, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते की लिनक्स या मशीनवर ‘चालतच नाही’. एवढ्या सांगण्यावरून काहीच करता येत नाही. गाडी नेमकी कुठे अडली हे आधी ठरवावे लागते: पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरूच होत नाही, इन्स्टॉलरला (लिनक्स बसवणाऱ्या प्रोग्रामला) डिस्क दिसत नाही, स्क्रीन काळी पडते, की सारे सुरळीत पार पडूनही शेवटी विंडोजच उघडते? या चारही अडचणींची मुळे निराळी असली, तरी त्यांपैकी बहुतेक लिनक्समध्ये नसतात. लॅपटॉप बनवणाऱ्याने विंडोज गृहीत धरून फर्मवेअरमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या, मशीनमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) ज्या सोयी करून ठेवल्या आहेत, त्यांत असतात. म्हणून विंडोज जिवंत आहे तोवरच काही कामे उरकून घ्यावीत.

पहिले काम अर्थातच बॅकअपचे. दुसरे बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीचे, आणि लोक नेमके तेच विसरतात. अनेक लॅपटॉपांवर, विशेषतः विंडोज ११ असलेल्यांवर, डिस्कचे एन्क्रिप्शन मालकाला पत्ता नसतानाही चालू असते. फर्मवेअरमधील सिक्युअर बूटची (सही केलेल्या सिस्टिमच सुरू होऊ देणाऱ्या तपासणीची) मांडणी बदलली की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड आठवेलच असे नाही. ती की कागदावर उतरवून घ्यावी आणि काम संपेपर्यंत बिटलॉकर स्थगित ठेवावे. दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर नांदवायच्या असतील, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपलेले राहते, आणि लिनक्सला विंडोजच्या पार्टिशनमधील (डिस्कच्या भागातील) फाइली केवळ वाचता येतात, त्यांत काही लिहिता येत नाही.

लिनक्सचा इन्स्टॉलर ठेवायला पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. उतरवलेल्या आयएसओ फाइलची (इन्स्टॉलरच्या फाइलची) चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे दाखवणारा आकडा, वितरकाच्या संकेतस्थळावरील आकड्याशी जुळवून पाहावी. यात दोन मिनिटे जातात, पण फाइल अर्धवट उतरल्यामुळे मध्येच बंद पडणारा इन्स्टॉलर पूर्ण संध्याकाळ खातो. कशावरून सुरू व्हायचे हे निवडण्याच्या बूट मेनूसाठी डेल आणि लेनोवोच्या बहुतेक लॅपटॉपांवर एफ-१२, एचपीवर एफ-९ आणि आसुसवर एस्केप ही बटणे चालतात. येथे ‘सिक्युअर बूट आधी बंद करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो घाईचा वाटतो, कारण उबुंटू, मिंट आणि फेडोरा या लिनक्सच्या तिन्ही वितरणांचे (तयार आवृत्त्यांचे) बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारे प्रोग्राम, मायक्रोसॉफ्टच्या चावीने सही केलेले असतात आणि सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात. काही नव्या लॅपटॉपांत मात्र विंडोजखेरीज इतरांसाठीची ही चावी मुद्दाम बंद ठेवलेली असते. तेथे फर्मवेअरमध्ये ‘थर्ड पार्टी सर्टिफिकेट’ला परवानगी देणारा पर्याय चालू केला की पेनड्राइव्ह स्वीकारला जातो.

कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट दुकानातच पाहावी. पैसे देण्यापूर्वी फर्मवेअर उघडून एखादे सेटिंग बदलता येते का, हे दुकानदारासमोर तपासावे. आधीच्या कंपनीने फर्मवेअरला कुलूप लावणारा सुपरवायझर पासवर्ड घालून ठेवला असेल, तर पुढचे सारे मार्ग बंद होतात आणि घरी आणल्यावर त्याला सहजसोपा उपाय उरत नाही.

इन्स्टॉलर सुरू झाला पण त्यात फक्त पेनड्राइव्हच दिसतो, लॅपटॉपची डिस्क दिसत नाही, असे झाल्यास दोष बहुधा इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी या व्यवस्थेकडे असतो. ती चालू असताना डिस्क थेट न दिसता एका मध्यस्थामागे राहते. उबुंटूचा इन्स्टॉलर कित्येकदा तसे स्पष्ट सांगून थांबतो. फर्मवेअरमध्ये जाऊन ती व्यवस्था बंद करावी किंवा स्टोरेजचा प्रकार ‘एएचसीआय’ करावा. विंडोज पुसूनच टाकायचे असेल तर एवढे पुरे. ते राखायचे असेल तर मात्र हा बदल थेट करू नये, अन्यथा विंडोज निळ्या स्क्रीनवर येऊन बसते. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट विभागात ‘सेफ बूट’वर खूण करावी, रीस्टार्ट होताना फर्मवेअरमध्ये शिरून बदल करावा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यावे आणि मग ती खूण काढावी. काही लॅपटॉपांत हा पर्याय मेनूत दिसतच नाही. एसरच्या काही मॉडेलांत फर्मवेअरच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस ही बटणे एकत्र दाबल्यावरच तो प्रकट होतो. हे कोणाला आपसूक सुचेल अशी अपेक्षा का धरावी, हे मला आजवर उमगलेले नाही.

काळ्या स्क्रीनची अडचण बहुतेक वेळा एनव्हिडियाचे ग्राफिक कार्ड असलेल्या लॅपटॉपांवर येते. ग्रबचा (लिनक्सच्या बूटलोडरचा) मेनू दिसत असताना ‘ई’ दाबावे, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जाऊन ‘नो’, ‘मोड’ आणि ‘सेट’ हे तीन इंग्रजी शब्द सलग, मध्ये जागा न सोडता लिहावेत आणि एफ-१० दाबावे. ही तात्पुरती तजवीज आहे. इन्स्टॉलेशन झाल्यावर एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) घालावा लागतो आणि सिक्युअर बूट चालू असेल तर तेथे आणखी एक अडसर येतो. ड्रायव्हर घालताना सिस्टिम एक पासवर्ड ठरवायला सांगते. पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो आणि कोणतेही बटण दाबण्यासाठी १० सेकंद देतो. लोक त्या वेळी चहा घ्यायला उठलेले असतात. पडदा निघून जातो, ड्रायव्हरची चावी नोंदली जात नाही, आणि मग ड्रायव्हर घातलेला असूनही चालत का नाही याचे कोडे पडते. त्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यावा.

चौथ्या अडचणीने मात्र मलाच धडा दिला. नेरुळला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकले, सगळे पहिल्याच फटक्यात झाले, आणि ठाण्याची गाडी पकडून घरी पोहोचतो तोच तिचा फोन आला, “मामा, पुन्हा विंडोजच उघडलं.” पुढच्या दोन रविवारी मी ट्रान्स-हार्बर लोकलने नेरुळला जाऊन तीनदा नव्याने इन्स्टॉल केले आणि तीनदा तेच घडले. वास्तविक पहिल्या फोननंतरच मी दोन गोष्टी पाहायला हव्या होत्या. लिनक्स फर्मवेअरच्या नव्या यूईएफआय पद्धतीने बसले आहे की जुन्या लेगसी पद्धतीने, ही पहिली. ‘सिस’ फोल्डरमधील ‘फर्मवेअर’ फोल्डरात ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर असेल तर पद्धत यूईएफआय असते. बूटच्या यादीत लिनक्सची नोंद आहे का, ही दुसरी. पेनड्राइव्हवरून सुरू करून टर्मिनलमध्ये ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही आज्ञा दिली की यादी दिसते. नोंद असून खाली असेल तर क्रम बदलला की काम भागते. भाचीच्या लॅपटॉपवर नोंदच नव्हती, कारण ते फर्मवेअर ओळखीच्या नसलेल्या नोंदी प्रत्येक वेळी पुसून टाकत होते. उपाय फर्मवेअरच्या सिक्युरिटी पानावर निघाला: आधी सुपरवायझर पासवर्ड ठरवायचा, मग तोवर फिकट दिसणारा ‘विश्वासार्ह फाइल निवडा’ अशा अर्थाचा पर्याय उघडतो, आणि त्यात ‘ईएफआय’, मग ‘उबुंटू’ असे आत जात ‘शिम’ने सुरू होणारी फाइल निवडून तिला नाव द्यायचे. त्यानंतर ते नाव बूटच्या क्रमात वर आणले. पासवर्ड तिच्या वहीत लिहून ठेवला, कारण तो हरवला असता तर वर दुकानाच्या संदर्भात सांगितलेली अवस्था आम्हीच घरी निर्माण केली असती.

वाय-फाय न दिसणे ही त्यामानाने सौम्य अडचण आहे. फोन केबलने जोडून यूएसबी टिथरिंग (फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय) चालू केले की इंटरनेट लगेच मिळते, मग ब्रॉडकॉमच्या कार्डासाठी मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ किंवा उबुंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ उघडावे. रिअलटेकचे नवे कार्ड असल्यास बहुधा अधिक नवे कर्नल (लिनक्सचा गाभा) लागते. कार्ड कोणते हे अंदाजाने ठरवू नये. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेला ‘-एनएनके’ जोडून दिले की कार्डाचे नाव, त्याचा क्रमांक आणि कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते दिसते. ड्रायव्हरची ओळच नसेल तर दोष तिथेच आहे. कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही असूनही वाय-फाय बंद असेल, तर ‘आरएफकिल लिस्ट’ने ते अडवून ठेवलेले नाही ना, हे पाहावे.

दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्यांना आठवडाभरात घड्याळाची तक्रार हमखास येते. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ मांडते आणि लिनक्स जागतिक वेळ मांडते, त्यामुळे लिनक्समधून परतल्यावर सकाळी १० वाजता विंडोज पहाटेचे ४:३० दाखवते. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर मदरबोर्डची बॅटरी बदलायला धावू नये. ‘टाइमडेटसीटीएल’ला ‘सेट-लोकल-आरटीसी १’ असे सांगितले की लिनक्सही स्थानिक वेळ धरते.

राहिला झाकण लावल्यावर झोपण्याचा प्रश्न. नव्या लॅपटॉपांत झोपेचा जो प्रकार विंडोजसाठी योजलेला असतो, त्यात मशीन पूर्ण शांत होत नाही आणि लिनक्समध्ये कधीकधी ते बॅगेत तापते. लेनोवोच्या काही थिंकपॅडमध्ये फर्मवेअरमध्येच ‘स्लीप स्टेट’खाली लिनक्सचा पर्याय आहे; तो असल्यास निवडावा. नसल्यास रात्री झाकण लावताना बॅटरीची टक्केवारी लिहून ठेवावी आणि सकाळी पुन्हा पाहावी. एका रात्रीत बॅटरी निम्म्यावर येत असेल, तर तो लॅपटॉप लोकलने नेताना झाकण लावून न थांबता सरळ शटडाउन करावा.