तंबू घेण्याआधी आईचे गुडघे विचारात घ्या

आमचा पहिला तंबू बॅगेवरचं 'चार माणसांसाठी' वाचून घेतला. आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. दोन पोरं मिळून एक माणूस, असा माझा हिशेब. भंडारदऱ्याला धरणाच्या काठावर रात्री कळलं की कंपनीचा माणूस जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद असतो, उताणा झोपतो आणि पहाटेपर्यंत कूस बदलत नाही. आपली एकेरी गादी ९० सेंटिमीटरची.

म्हणून तंबूच्या आतल्या खोलीचं माप आधी हॉलच्या फरशीवर खडूने आखा. बाहेरच्या कव्हरचं नको, त्यात चपलांची जागाही धरलेली असते. त्या चौकोनात गाद्या टाका आणि सगळ्यांना आडवं व्हायला सांगा. पोरं हसतील, हसू द्या. २४० रुंदीत दोन गाद्या आणि सामान, एवढंच बसतं. आता आमचा ३०० बाय ३०० चा आहे, बॅगेवर 'सहा माणसांसाठी' लिहिलेला. तीन गाद्या लागतात, पोरं आमच्या मध्ये.

रुंदीपेक्षा मला उंचीने जास्त शिकवलं. पहिला तंबू मधोमध १३० सेंटिमीटर होता. आई रांगत आत गेली खरी, पण रात्री बाथरूमला उठायचं म्हणजे मी एका बाजूने, बायको दुसऱ्या बाजूने. गाडीने जाणाऱ्याला वजनाची फिकीर नसते, दहा-बारा किलोचा तंबू चालतो. मग उभं राहता येईल असाच घ्या, आणि दारही उंच बघा. दुकानात उभारून ठेवलेला तंबू असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आत-बाहेर करायला लावा. दाराच्या खालच्या पट्टीत पाय अडकतो. आम्ही तिथे लाल रिबीन बांधलीय.

उंच तंबू वारा मात्र पकडतो, म्हणून सगळ्या दोऱ्या ताणून बांधायच्याच. बोगद्यासारखे लांबट तंबू खुंट्यांशिवाय उभेच राहत नाहीत आणि आपल्याकडे मुरमाखाली लगेच कातळ लागतो. घुमटाचा तंबू दांड्यांवर स्वतः उभा राहतो, दोऱ्या दगडांना बांधता येतात. सोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या पहिल्याच हातोडीत वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून आठ इंची खिळे घ्या. झटकन उघडणारे तंबू मला पटत नाहीत: मिटल्यावर केवढी मोठी थाळी होते ती! आमच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे, त्यामुळे गुंडाळलेल्या तंबूची लांबीही मी टेप घेऊन मोजली.

काजवे बघायला लोक मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत जातात, आणि वळीवही नेमका तेव्हाच गाठतो. कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं तो आकडा मिलिमीटरमध्ये देतात; वरच्या कापडाचा किमान २०००, तळाचा ३००० असेल तर बरं. पण पाणी कापडापेक्षा शिवणीतून आधी येतं, तेव्हा शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, हे बोट फिरवून बघा. तळाचं जाड कापड कडांना वीतभर वर चढलेलं हवं. एकपदरी तंबू घेऊ नका. पाच माणसांच्या श्वासाची वाफ सकाळी छतावरून टपकते आणि आपण तंबू गळतो म्हणून दुकानदाराशी भांडतो. आत जाळी, वर वेगळं कव्हर आणि समोरासमोर खिडक्या असल्या की ओल कमी धरते, शिवाय मे महिन्यात घुसमट होत नाही.

आमचा दुसरा तंबू मात्र गळला नव्हता, तरी रात्री दोनला गाद्या भिजल्या. खाली अंथरलेली ताडपत्री मी हौसेने चारी बाजूंनी हातभर बाहेर ठेवली होती. कव्हरवरून ओघळलेलं पाणी तिच्यावर साचलं आणि सरळ तंबूखाली आलं. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आतच असावी.

घेतल्यावर लगेच गच्चीवर उभारा, पाइपने वीस मिनिटं पाणी मारा आणि आत बसून बघा. बदलून घ्यायची मुदत संपण्याआधी. आमच्या गच्चीवर हे चाललं असताना खालच्या मजल्यावरच्या काकू पापड वाळत घालायला आल्या आणि आईशेजारी तंबूतच बसल्या. दोघींना बाहेर काढायला चहा करावा लागला.